पहिल्या खुर्चीचा दात

आमच्या दाजींना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्यावर बँडमास्तर ओरडले. त्यात मास्तरांची काही चूक नव्हती. पाणीखात्याच्या बँडची तालीम चालली होती, पहिल्या ट्रम्पेटने जिथे शिरायचं तिथे तो शिरला नाही, तेव्हा मास्तरांनी छडी खाली घेऊन विचारलं, "काय हो, डोळा लागला का?" दाजी म्हणाले, "नाही, जरा ॲसिडिटी वाटतेय." मग त्यांनी ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि त्यानंतरच ते खुर्चीवरून घसरले. मागच्या रांगेत ट्युबा नावाचा भला मोठा पितळी भोंगा वाजवणारा एक अवाढव्य गृहस्थ आहे, त्याला सगळे पिंप म्हणतात. त्याने दाजींना उचलून गाडीत घातलं. वाटेत दाजी एकदाच बोलले. "पेटी कुणी घेतली का?"

इस्पितळात त्यांच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीत जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवला आणि आठवड्याभरात ते घरी आले. आले ते चिडूनच. झटका आल्याचं त्यांना दुःख कमी होतं, अपमान जास्त वाटत होता. "मी कधी सिगारेट ओढली? कधी वजन वाढवलं? रोज चालतो. साखर नाही, रक्तदाब नाही. आणि तो पिंप बघा! जिना चढताना त्याची शिट्टी वाजते. त्याला काही नाही!" पिंपाला काही न होणं हा त्यांना सरळसरळ अन्याय वाटत होता. पिंप भेटायला आला की ते त्याच्याकडे तक्रारीच्या नजरेने बघत. बिचारा पिंप ओशाळून म्हणायचा, "मलापण होईल हो कधीतरी."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळा जन्म पाणीखात्यात मीटर दुरुस्त करण्यात गेला, पण ती नोकरी त्यांनी कायम जोडधंदा मानली. खरं काम म्हणजे पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची. त्या बँडचा एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडायची सोय नाही. पहिल्या खुर्चीवरचा माणूस नोकरीतून निवृत्त झाला तरी खुर्ची त्याचीच राहते. मात्र एकदा तो उठला की खुर्ची परत मिळत नाही. दुसऱ्या खुर्चीवरच्या ट्रम्पेटवाल्याचे केस ही वाट बघण्यात पांढरे झाले, तरी त्याला आजही सगळे धाकटा म्हणतात. आणि तीन महिन्यांवर बागेतला मोसमाचा पहिला कार्यक्रम आला होता. त्याच्या शेवटी ट्रम्पेटचा एकट्याचा तुकडा असतो. तो दाजी इतकी वर्षं वाजवत आले होते की लोक तो ऐकून घड्याळ लावत नसले तरी घरी जायला उठत.

डॉक्टरांनी तपासून वाजवायला परवानगी दिली. हळूहळू सुरुवात करा म्हणाले. दाजींनी 'हळूहळू' हा शब्द दवाखान्यातच ठेवला आणि परवानगी घेऊन घरी आले.

ताईची मात्र झोप उडाली होती. ताई शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे सिद्ध न झालेली गोष्ट तिला घरात चालत नाही. सगळं ठीक असताना झटका आला कसा, आणि परत येणार नाही कशावरून, या दोन प्रश्नांसह तिने पुढच्या तपासणीला दाजींना नेलं. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. निवृत्त माणूस मोकळाच असतो असा आमच्या घराचा समज आहे.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचं एक हृदय होतं. दाजींनी बसल्या बसल्या ते उचलून खोलायला घेतलं. हाताची सवय.

"कोलेस्टेरॉल उत्तम," डॉक्टर कागद बघत म्हणाले. "मला हेवा वाटावा इतकं उत्तम. पण हा दुसरा आकडा बघा. सीआरपी. शरीरात कुठे दाह धुमसत असेल तर हा वाढतो. दोनच्या खाली हवा, तुमचा सहाच्या वर आहे. सर्दी-तापानेही वाढतो, म्हणून मी परत करायला लावला. तेव्हा सर्दी नव्हती ना?"

"सर्दीत ट्रम्पेट वाजत नाही," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी याचा अर्थ 'नव्हती' असा घेतला.

"पण डॉक्टर," ताई म्हणाली, "कोलेस्टेरॉल चांगलं, मग नळी तुंबली कशी?"

"चांगलं म्हणजे रक्तात चांगलं. भिंतीत वर्षानुवर्षं थोडं थोडं मुरलेलं असतंच. आणि नळीत गाळ साठतो तसं हे नुसतं साठत नाही."

"गाळाचं मला सांगू नका," दाजी म्हणाले. "उभा जन्म गाळ काढलाय."

"लोखंडी पाइपातला. ही भिंत जिवंत असते. तिच्यात चरबी शिरली की ती साफ करायला शरीराच्याच पेशी धावतात. साफ करता करता तिथेच अडकतात, चिडतात, आणखी पेशींना बोलावतात. रस्ता दुरुस्त करायला आलेल्या लोकांनी रस्त्यातच तंबू ठोकून मारामारी सुरू करावी, तसं. त्या मारामारीत साठ्यावरचं आवरण पातळ होतं. एक दिवस फाटतं. तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. तोपर्यंत बाहेरून काही कळत नाही."

"मग तुम्ही नळी बसवलीत की."

"एका जागी बसवली. दाह काही त्या एका जागेपुरता नसतो. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आणि हा आकडा वरच राहिला, त्यांना दुसऱ्याचा धोका जास्त. म्हणून विचारतो, नीट आठवून सांगा. सांधे सुजतात?"

"नाही."

"कातडीवर चट्टे?"

"नाही."

"पोटाची काही जुनी तक्रार?"

"नाही."

"हिरड्या, दा..."

"नाही."

तालमीत ज्या माणसाने शिरायची जागा चुकवली होती तो इथे मात्र अर्धी मात्रा आधीच शिरला. मला ते ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. डॉक्टरांनी एक जादा गोळी लिहून दिली. गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजण्याच्या, दुखण्यावर फार जुन्या काळापासून देतात तीच, पण अगदी थोड्या मात्रेत. मग बोट वर करून म्हणाले, "आणि या दोन गोळ्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या. एक दिवस चुकवायच्या नाहीत. मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. कुणीही काहीही सांगितलं तरी."

"हो हो," दाजी म्हणाले आणि त्यांनी हृदय जोडून परत टेबलावर ठेवलं. एक झडप उरली. ती त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली. "ही नसली तरी चालतंय."

घरी आल्यावर ताईने दाह शोधायला घेतला. दाजींचे घोटे दाबून पाहिले, मनगटं दाबून पाहिली, पाठ उजेडात धरून पाहिली. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई म्हणाल्या, दाह दुधाने होतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार म्हणाले, दूध बंद केल्याने होतो. दोघांचंही ऐकून ताईने एक दिवसाआड दूध सुरू केलं. दाजी सगळं मुकाट्याने सोसत होते. हा त्यांचा स्वभाव नव्हे, तेव्हाच संशय यायला हवा होता.

माझ्यावर कामगिरी आली ती तालमीची. "तू जाऊन बसत जा. दमले, घाम आला, छातीला हात लावला, तर लगेच मला कळव."

"ताई, मी काय पहारेकरी आहे?"

"नाहीतरी घरी काय करतोस?"

पंपघराच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खालच्या पंपांची घरघर जमिनीतून सतत येत असते आणि सगळी वाद्यं तिच्यावर मात करायला जरा जास्तच जोरात वाजतात. फरशी पांढरी. मी भिंतीशी एका मोडक्या बाकावर बसायचो. संगीत मला कळत नाही, म्हणून मी खाली बघत असे. फुंकून वाजवायच्या वाद्यात श्वासाची वाफ थंड होऊन पाणी साठतं. ते काढायला नळीला एक बारीक चावी असते. ती दाबून वाजवणारे दर थोड्या वेळाने फुंकतात आणि पाणी सरळ फरशीवर सोडतात. त्यांच्या मते ते पाणी असतं. बघणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं. असो. तर प्रत्येक खुर्चीपुढे ज्याचं त्याचं तळं. पिंपापुढे जलाशय.

दाजींच्या खुर्चीपुढचं तळं गुलाबी होतं.

"दाजी, हे काय?" मी मधल्या सुट्टीत विचारलं.

"ओठ चिरलाय."

"बघू."

"ओठ काय बघायची वस्तू आहे?"

मी ताईला कळवलं. ताईने जेवताना विचारलं. दाजी म्हणाले, "तुझ्या भावाचे डोळे एकदा तपासून घे. पिवळ्या दिव्याखाली पांढरी फरशी गुलाबीच दिसते." मला क्षणभर तेही पटलं. पुढच्या तालमीलाही गुलाबी. पण नंतरच्या आठवड्यात पाणी स्वच्छ झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही स्वच्छ. मी उड्या मारत घरी जाऊन ताईला सांगितलं. तिने मला स्वतःहून चहा करून दिला. असं आमच्याकडे सहसा घडत नाही.

त्याच सुमाराला तालमीत एक नवीन कटकट उद्भवली. एका हळुवार तुकड्यात ट्रम्पेटवाले तोंडात म्यूट बसवतात. म्हणजे स्वतःच्या नव्हे, ट्रम्पेटच्या. पत्र्याचा एक पोकळ शंकू असतो, त्याने आवाज दबून लांबून आल्यासारखा वाटतो. सगळं शांत, नाजूक, आणि मध्येच खुळखुळ.

मास्तरांनी छडी आपटली. "हा खुळखुळा कोण वाजवतंय?"

सगळ्यांनी मागे ताशा-ढोलवाल्याकडे पाहिलं. कुठल्याही बँडमध्ये आवाज कुठून आला ते कळलं नाही की सगळे ढोलवाल्याकडेच बघतात.

"मी नाही," ढोलवाला म्हणाला.

"मग कोण? लहान बाळ आलंय का इथे?"

परत सुरुवात. परत खुळखुळ. ढोलवाल्याने रागारागाने ढोलाचा एकेक स्क्रू काढून दाखवला. पुढच्या वेळी तो आलाच नाही.

आणि मग रक्ताचा नवा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता, पण चारावर अडला होता. डॉक्टरांनी परत तेच प्रश्न विचारले. दाजींनी परत तीच चार उत्तरं दिली. घरी येऊन ताईने एक सफरचंद धुतलं आणि दाजींपुढे ठेवलं.

दाजींनी सुरी मागितली.

"सुरी कशाला?"

"मला कापून आवडतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अहो, मला बघायला आलात तेव्हा अक्रोड दाताने फोडून दाखवला होतात! माझ्या वडिलांसमोर! त्या अक्रोडावर मी हो म्हटलं. आणि आता तुम्हाला सफरचंद कापून आवडतं? काकडीचे तुम्ही कागद करता. पाव चहात बुडवून पितात का कुणी? दोन वर्षं मी बघतेय आणि मला वाटतंय, वय झालं, नाजूक झालेत. चावा."

"आत्ता भूक नाही."

"चावा म्हणते ना!"

दाजी उठून आत गेले आणि त्यांनी बंद दारामागे ट्रम्पेट पुसायला घेतलं. ताईने माझ्याकडे बघितलं. भूमितीच्या बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि वर्गात कुणीतरी मरणार हे सगळ्यांना कळतं, ती नजर.

पुढची तालीम संपली तेव्हा पंपघराच्या दारात टॅक्सी उभी होती आणि टॅक्सीत ताई. दाजींना पळायला वाट नव्हती, कारण मागून पिंप जिना उतरत होता. पेटी माझ्या मांडीवर आली आणि आम्ही थेट दाताच्या दवाखान्यात पोचलो.

दाताची डॉक्टर तरुण होती, ताईची जुनी विद्यार्थिनी. तिने दाजींना आडवं केलं, दिवा वळवला, आरसा आत घातला आणि बराच वेळ नुसतं "अरे वा" म्हणत राहिली. त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

"बाई, हे बघा," ती ताईला म्हणाली. "हिरड्या सगळ्या सुजलेल्या, खाली पू आहे. आणि वरचा पुढचा हा दात, हा आता दात नाहीच. नोटीस मिळालेला भाडेकरू आहे. कशाला धरून उभा आहे कोण जाणे."

"ट्रम्पेटला," दाजी तोंडात आरसा असताना म्हणाले. म्हणाले म्हणजे तसा काहीतरी आवाज आला.

"तुम्ही यावर ट्रम्पेट टेकवता? दुखत नाही?"

"डावीकडून टेकवतो."

ताईने डोळे मिटले.

तिने बारीक सळईने हिरडीची खोली मोजली, मग कापूस धरून थांबली. कापूस काढून बघितला. परत धरला. "हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना? रक्त पातळ ठेवणाऱ्या?"

"हं."

"दोन्ही?"

"हं."

"मग अशा हिरड्यांतून रक्त असं चटकन थांबायला नको होतं."

इथे मला राहवलं नाही. आपल्या पहाऱ्याचं कुठेतरी चीज व्हावं असं कुणालाही वाटेल. "अहो, सुधारणा आहे!" मी म्हणालो. "आधी ट्रम्पेटमधलं पाणी गुलाबी यायचं. गेले तीनचार आठवडे अगदी स्वच्छ येतं." आणि उत्साहाच्या भरात पेटी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

खुळखुळ.

ताईने हात पुढे केला. "ती पेटी इकडे दे."

तिने खटके उघडले. ट्रम्पेट, फडकं, तेलाची बाटली, म्यूट. म्यूट तिने कानाशी धरून हलवला. मग स्टीलच्या ट्रेवर उलटा केला. त्यातून गुलाबीसर गोळ्या पडू लागल्या. एक, दोन, मग बऱ्याच. शेवटची अडकली होती, ती ताईने बुडावर थापट्या मारून काढली.

"एकच बंद केली," दाजी कापसातून म्हणाले. "दुसरी घेतो."

"का?" ताईचा आवाज इतका खाली गेला होता की पंपघरातल्या पंपांशिवाय तसा आवाज मी कुठे ऐकला नव्हता.

"रक्ताने ओठ घसरतो. सूर सटकतो. कार्यक्रम होईपर्यंतच. फेकल्या नाहीत मी! महाग असतात. कार्यक्रम झाला की रोज दोनदोन घेऊन सगळ्या भरून काढणार होतो."

"भरून काढणार होतात," ताई म्हणाली. "हे काय पाण्याचं थकलेलं बिल आहे?"

आणि मी इतके आठवडे घरी जाऊन ज्या स्वच्छ पाण्याची बातमी देत होतो, ती बातमी काय होती ते मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. मला तो चहा आठवला.

तिथून आम्हाला तडक हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. प्लास्टिकचं हृदय या खेपेला कपाटावर होतं. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, पाहिला, श्वास सोडला आणि मग अतिशय नम्रपणे बोलायला लागले. इतका नम्र माणूस फार चिडलेला असतो.

"नवीन नळीवर गुठळी बसू नये म्हणून ती गोळी असते. गुठळी बसली असती तर तुम्ही मला हे ट्रम्पेटचं कारण सांगायला आला नसता. आजपासून रोज एक. मागच्या भरून काढायच्या नाहीत. समजलं? आणि तो दात जाणार. हिरड्या साफ होणार. गोळ्या चालू ठेवून कसं करायचं ते मी आणि त्या बघून घेऊ."

"दात काढला की दुसरा झटका येणार नाही, असं लिहून देता?" दाजींनी विचारलं.

"नाही देत. तसं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. ज्यांच्या हिरड्या अशा, त्यांच्यात हृदयाचं दुखणं जास्त दिसतं, एवढं माहीत आहे. हिरड्या सुधारल्या की हा आकडा बरेचदा थोडा उतरतो, हेही माहीत आहे. त्यापुढचं ठाम सांगता येत नाही. मी तुम्हालाच विचारतो. घरात सगळे नळ बंद आहेत असं मालक सांगतो आणि मीटर फिरतच असतो. तुम्ही काय करता?"

"मीटर तपासतो."

"दोनदा तपासला."

"मग गळती शोधतो," दाजी म्हणाले. "पण कार्यक्रमानंतर."

डॉक्टरांनी कपाटावरच्या हृदयाकडे पाहिलं. मला वाटतं, फेकून मारायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

घरी ताईने वाद घातला नाही, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. गोळी मात्र ती स्वतः हातावर ठेवायची आणि गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायची. दातावर दाजी हटत नव्हते. दात गेला की वरचा सूर गेला, वरचा सूर गेला की खुर्ची गेली. "आणि खुर्ची गेली की मी काय मीटर दुरुस्त करणारा म्हणून मरू?" एवढं एकदाच बोलले. ताई उठून गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात एकच भांडं घासत राहिली.

रविवारी बँडमधली मंडळी आली. मास्तर, पिंप आणि सगळ्यात मागे धाकटा. दवाखान्यातली हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. ती कुणी घातली ते मी सांगणार नाही.

"काय रे धाकट्या," दाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "खुर्चीचं माप घ्यायला आलास?"

धाकटा हा फार सौम्य माणूस. मी त्याला कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. तो लाल झाला, पांढरा झाला आणि एकदम ओरडला.

"माप कसलं घेतो! वर्षभर तुमचे वरचे सूर मी वाजवतोय! माझ्या खुर्चीवरून! माझे वाजवायचे, मग धावत वर जाऊन तुमचे वाजवायचे, मग परत खाली माझ्या जागी यायचं! माझा ओठ बघा! बायको म्हणते, भांडण करून येता का तालमीतून?"

पिंपाने खुर्चीत चुळबुळ केली. खुर्ची करकरली.

"काय बडबडतोय हा?" दाजी म्हणाले. "मास्तर?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"मास्तर, हा काय म्हणतोय?"

"आता काय सांगायचं," मास्तर म्हणाले. "तुम्ही गाल फुगवता, बोटं बरोबर चालतात, आणि हवा डावीकडून निघून जाते. सगळ्यांना ऐकू येतं. तुम्हाला तेवढं येत नाही, कारण धाकटा तुमच्या कानाशीच वाजवतो."

"म्हणून तर मी जोरात वाजवतो," पिंप म्हणाला. "झाकायला."

"तू जन्मापासून जोरात वाजवतोस."

"हो, पण गेलं वर्षभर मुद्दाम."

दाजींनी हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. ताई दारात उभी होती. चिडून चिडून दमलेला तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा घाबरलेला दिसला.

"गेल्या मोसमातला शेवटचा सूर," दाजी म्हणाले. "तो लांबलचक. लोक उभे राहिले होते. तो?"

धाकट्याने खाली बघून मान हलवली.

"तोपण तूच?"

"रागावू नका."

"चांगला लागला होता," दाजी म्हणाले. "मी घरी येऊन हिला सांगितलं, आज लागला तसा कधीच लागला नाही." मग थोडं थांबून, "चढा होता जरासा."

"हो, होता," धाकटा म्हणाला.

मग दाजी ताईकडे वळले. "त्या तुझ्या विद्यार्थिनीचा दवाखाना सोमवारी उघडा असतो का?"

दात काढला तो गोळ्या चालू ठेवूनच, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दात इतक्या सहज आला की दाजींना त्याचाही अपमान वाटला. हिरड्यांची साफसफाई बरेच दिवस चालली. एकदा त्यांनी घरी दार लावून ट्रम्पेट तोंडाला लावून पाहिलं. आतून कुणीतरी नळ अर्धवट सोडल्यासारखा आवाज आला आणि बंद झाला. आम्ही ऐकलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना तेवढं जमलं नाही. त्यांनी वर येऊन पाणी गेलंय का विचारलं.

पुढच्या रिपोर्टात आकडा दोनच्या जेमतेम खाली आला.

"कशाने उतरला?" दाजींनी विचारलं. "दातामुळे, की त्या गाऊटच्या गोळीमुळे?"

"सांगता येत नाही. सगळ्याचं थोडं थोडं असेल."

"म्हणजे मीटर थांबला, आणि कुठला नळ गळत होता ते तुम्हाला माहीत नाही."

"आणि उद्या परत फिरायला लागू शकतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तीन महिन्यांनी या. आणि ते हृदय खाली ठेवा."

ढोलवाला रुसून गेला होता त्याची जागा रिकामी होती. मास्तरांनी दाजींना ट्रँगल, म्हणजे काठीने वाजवायचा लोखंडी त्रिकोण, आणि झांजा दिल्या. दाजींनी आयुष्यभर त्या मागच्या रांगेला माणसात धरलं नव्हतं. आता ते तिथून सगळ्या बँडला सूचना करतात. पूर्वी फक्त धाकट्याला त्रास होता, आता सगळ्यांना आहे.

बागेतल्या कार्यक्रमाला मी आणि ताई पहिल्या रांगेत बसलो होतो. पहिल्या खुर्चीवर धाकटा बसला. इतक्या वर्षांनी मिळालेल्या खुर्चीवर तो अगदी कडेला बसला होता, मालक आला तर उठायला सोपं जावं म्हणून. दाजी पार मागे, ट्रँगल हातात धरून, ओठ हलवत मात्रा मोजत होते. शेवटच्या तुकड्याला सगळा बँड थांबला. मास्तरांनी छडी उचलली, धाकट्याने ट्रम्पेट ओठाला लावलं, बागेत चिटपाखरू हलत नव्हतं.

खुळखुळ.

छडी हवेत राहिली. "कोण आहे?" मास्तर दात खाऊन म्हणाले आणि सगळा बँड सवयीने मागे, दाजींकडे, वळला. दाजींनी ट्रँगलच्या काठीने पुढे दाखवलं.

ताई पहिल्या रांगेत उभी होती. तिच्या हातात गोळ्यांची डबी होती आणि ती डबी डोक्याच्या वर धरून ती दाजींना दिसेल अशी हलवत होती.

"ताई, बस ना खाली!" मी तिचा पदर ओढला. "लोक बघतायत!"

"बघू देत. वेळ झालीय."

"झाल्यावर घेतील!"

"भरून काढतील, नाही का?" ती म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "तुमचं चालू करू नका. एक मिनिट."

डबी रांगेरांगेने हातोहात मागे गेली. पिंपाने पाण्याची बाटली दिली. सगळ्या बागेसमोर दाजींनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले आणि ताईला दिसेल इतकं तोंड उघडून जीभ वर केली. पुढे दाताच्या जागी मोकळी खिडकी दिसत होती.

ताई खाली बसली.

मास्तरांनी परत छडी उचलली. धाकट्याचा सूर निघाला, वर चढला आणि शेवटच्या लांबलचक स्वरावर जाऊन थांबला. लोक उभे राहिले. दाजींनी त्याच्या शेवटी बरोबर जागेवर एकदा ट्रँगल वाजवला आणि टाळ्या सुरू असतानाच पुढे वाकून ओरडले, "धाकट्या, यंदाही चढाच!"